कॅल्क्युलेटरशिवाय अकरावी-बारावीचं गणित : सराव नेमका कशाचा करायचा?

अपूर्णांक

नमस्कार मंडळी,

जून उजाडला की माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं हमखास विचारतात, "सर, बोर्डाला कॅल्क्युलेटर नाही, सीईटीला नाही, जेईईला नाही. मग आकडेमोडीचा स्पीड वाढवायला काय करू?" पालकही हेच विचारतात. कुणी अबॅकसच्या क्लासची चौकशी करतं, कुणी वैदिक गणिताच्या.

मला हा प्रश्नच चुकीच्या जागी पडलेला वाटतो, म्हणून हा धागा. बारावीच्या गणितात मुलं अडतात ती गुणाकार हळू होतो म्हणून नव्हे. गुणाकार करायची गरज नसताना करतात, म्हणून अडतात. जे पेपर कॅल्क्युलेटरशिवाय सोडवायचे असतात, त्यांतले आकडे पेपर काढणाऱ्याने निवडून घेतलेले असतात. वाट बरोबर असली की ते आपसूक कटतात. आकडे अंगावर यायला लागले, तर वाट चुकली असं समजायचं.

एक उदाहरण घेऊ. तीन ओळींचा डिटरमिनंट आहे :

१, ९९, ९८०१
१, १००, १००००
१, १०१, १०२०१

बरीच मुलं थेट विस्तार करायला घेतात. १०० गुणिले १०२०१, वजा १०१ गुणिले १००००, आणि पान भरतं. स्पीडवाला मुलगा हे लवकर उरकेल, पण उरकेल काय, तर फुकटची मेहनत. तिसऱ्या रकान्यात दुसऱ्याचे वर्ग आहेत, हे दिसलं की उत्तर तीन फरकांचा गुणाकार : (१००−९९), (१०१−९९), (१०१−१००). म्हणजे १ × २ × १ = २. रकान्यांकडे लक्ष गेलं नाही, तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतून पहिली ओळ वजा करा. १, १९९ आणि २, ४०० उरतात. ४०० वजा ३९८, उत्तर २.

म्हणून माझं म्हणणं असं, की सराव करायचा तो आकडेमोड लांबवण्याचा. √३ ला √३ च राहू द्या, पायला (π) पाय राहू द्या, ५/११ चे ०.४५ करू नका. शेवटच्या ओळीपर्यंत जे कटायचं ते कटून जातं. मगच आकडे घाला.

तुमचे अनुभव लिहा. मुलांनी अडलेली गणितं टाकली तर फारच छान.

रेवती_नाशिक

चांगला धागा. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

आमच्याकडे अडचण वेगळी आहे. मुलगा बारावीला आहे. घरी सराव करताना प्रत्येक पायरीला फोनमधला कॅल्क्युलेटर उघडतो. विचारलं तर म्हणतो, "आई, मला मेथड येते, कॅल्क्युलेशन काय, परीक्षेत करेन." त्यात फोन एकदा हातात आला की तो हातातच राहतो, ते निराळंच. मेथड येते हे खरंही आहे. पण प्रिलिमच्या पेपरात वेळ पुरला नाही. आता फोन काढून घेऊ की काय करू?

अपूर्णांक

रेवतीताई, फोन काढून घेतलात तर चिडचिड होईल, हाती काही लागणार नाही. त्याला एकच सांगा : गणित पूर्ण होईपर्यंत कॅल्क्युलेटर नाही, उत्तर लिहून झाल्यावर पडताळायला हवा तेवढा वापर. मधल्या पायरीला ५/११ चे ०.४५४५ झाले की पुढच्या ओळीत ते ११ कशाशी कटणार होते, हे त्याला कधीच दिसणार नाही. मेथड येते असं तो म्हणतो, पण मेथडचा अर्धा भाग ही काटाकाटीच असते. ती फोन करून टाकतो आणि याला पत्ताही लागत नाही.

निखिल_बारावी

सर, मी बारावीला आहे, सीईटी आणि जेईई मेन दोन्ही देणार आहे. डिफरन्शियल इक्वेशन्समधलं न्यूटनच्या कूलिंगचं गणित आहे. वस्तू ८० अंशांवरून ३० मिनिटांत ५० अंशांवर येते, खोलीचं तापमान २५. एक तासानंतर किती? मी के (नियमातला स्थिरांक) काढला, ०.०२६ आला. मग ६० मिनिटं घातली. उत्तर ३६.५६ येतंय, पुस्तकात ३६.३६ आहे. मेथड बरोबर आहे ना? मग फरक का पडतो?

अपूर्णांक

निखिल, नेमकं याच जातीचं गणित मला हवं होतं.

तुझी मेथड बरोबर आहे. के खरा येतो ०.०२६२८ च्या आसपास. तू तो ०.०२६ वर तोडलास. एवढासा तुकडा गेला असं वाटतं, पण पुढे त्याला ६० ने गुणलंस आणि ते सगळं ई च्या घातांकात बसवलंस. घातांकात गेलेली चूक उत्तरात मोठी होऊन येते.

आता के न काढता बघ. न्यूटनच्या नियमात ठरावीक पटीने तापमान घटत नाही, घटतो तो खोलीशी असलेला फरक. सुरुवातीला फरक ८०−२५ = ५५. अर्ध्या तासाने ५०−२५ = २५. म्हणजे अर्ध्या तासात फरक २५/५५, अर्थात ५/११ पट झाला. पुढच्या अर्ध्या तासात पुन्हा ५/११ पट होणार. म्हणून तासाभराने फरक :

५५ × ५/११ × ५/११ = २५ × ५/११ = १२५/११ = ११.३६

त्यात खोलीचे २५ मिळव. ३६.३६. लॉग नाही, ई नाही, के तर नाहीच. बोर्डाच्या पेपरात समीकरण मांडून, इंटिग्रेट करून पायऱ्या दाखवाव्या लागतील, कारण मार्क पायऱ्यांना असतात. पण तिथेही ई चा ऋण ३०के घात = ५/११ एवढंच लिहून थांब. पुढे ६०के हवं असेल तर त्याचा वर्ग कर. के एकटा कुणी मागितलेलाच नाही.

निखिल_बारावी

हे भारी आहे सर! पण वेळ ४५ मिनिटं दिली तर? तेव्हा के लागेलच ना?

सांगलीकर_मास्तर

मी सांगतो. ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, हा धडा आमच्याकडेही येतो.

४५ मिनिटं म्हणजे अर्ध्या तासाच्या दीडपट. घातांक ३/२. म्हणजे ५५ × (५/११) × √(५/११) = २५ × √५५ ÷ ११. आता √५५ हवं. ७.४ चा वर्ग ५४.७६. उरले ०.२४. त्याला ७.४ च्या दुपटीने, म्हणजे १४.८ ने भाग, ०.०१६ येतात. √५५ = ७.४१६. मग २५ × ७.४१६ = १८५.४, भागिले ११ = १६.८५. उत्तर ४१.८५.

'दुपटीने भागायचं' हे कुठून आलं? तुमच्याच ॲप्लिकेशन ऑफ डेरिव्हेटिव्ह्जमधून. वर्गमुळाचा डेरिव्हेटिव्ह १ भागिले दोन √एक्स. त्या धड्यातली अप्रॉक्सिमेशनची गणितं मुलं दोन मार्कांसाठी पाठ करतात आणि विसरतात. खरं तर तो तुमच्या खिशातला कॅल्क्युलेटर आहे. √८.९५ : ३ वजा ०.०५/६, म्हणजे २.९९१७. २८ चं घनमूळ : ३ अधिक १/२७, म्हणजे ३.०३७. लॉग १०१६ : ३ अधिक ०.०१६ × ०.४३४३ (हा लॉग ई), म्हणजे ३.००६९५. रोज असं एक काढा. पंधरवड्यात आकड्यांची भीती मोडते.

दाजीबा

आमचं वय सत्तरीपुढचं. मूळ चर्चेला धरून आहे की नाही ठाऊक नाही, पण अपूर्णांक यांच्या लिखाणावरून आठवलं म्हणून लिहितो.

आम्हाला शाळेत नुसते पाढे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा, संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणून घेत. त्यात अपूर्णांकाची भीती हा प्रकारच नव्हता. पाऊण म्हणजे ०.७५ असं आम्ही कधी मनात आणलं नाही, पाऊण म्हणजे पाऊणच. पुढे इंजिनिअरिंगला स्लाइड रूल, म्हणजे गुणाकार-भागाकाराची सरकपट्टी, वापरला. त्यावर दशांशचिन्ह कुठे द्यायचं ते आपलं आपण ठरवायचं असे. म्हणून उत्तर साधारण केवढं यायला हवं, याचा अंदाज आधी करावाच लागे. ही सवय आताच्या मुलांना कुठून लागणार, ते अपूर्णांक यांनी जरूर लिहावं.

अपूर्णांक

दाजीबा, चर्चेला अगदी धरून आहे. आणि अंदाजाबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत, कारण बारावीत तो कुठे उपयोगी पडतो याचं माझं आवडतं उदाहरण आहे.

टॅन इन्व्हर्स २ अधिक टॅन इन्व्हर्स ३ किती?

मुलं सूत्र लावतात : (२+३) भागिले (१−६) = −१. मग लिहितात, टॅन इन्व्हर्स −१, म्हणजे ऋण पाय/४. झालं, मार्क गेले. आता अंदाज बघा. टॅन ४५ म्हणजे १. टॅन ६० म्हणजे √३, साधारण १.७३. म्हणजे टॅन इन्व्हर्स २ साठ अंशांच्या वर आहे आणि टॅन इन्व्हर्स ३ त्याच्याही वर. दोघांची बेरीज १२० च्या वर जाणार आणि १८० च्या आत राहणार. ती ऋण ४५ कशी असेल? ज्या कोनाचा टॅन −१ आहे असा या पट्ट्यात एकच कोन : १३५ अंश, म्हणजे ३पाय/४. दोन धन संख्यांचा गुणाकार (इथे २ × ३) एकापेक्षा मोठा असेल तर पाय मिळवायचा, हा नियम पाठ असला तरी पेपरात हटकून निसटतो. अंदाज घेतला की नियम आठवायची पाळीच येत नाही. आणि यात टॅन इन्व्हर्स १ मिळवला, तर तिघांची बेरीज बरोबर पाय येते. ते मला दरवर्षी शिकवताना तितकंच सुंदर वाटतं.

माझ्या वर्गात सोडवायच्या आधी समासात लिहायची सक्ती आहे : उत्तर धन की ऋण, एकापेक्षा मोठं की लहान. एवढं पुरतं.

टेम्सकाठ

इंग्लंडहून लिहितेय. इथे मुलीच्या जीसीएसईला (आपल्या दहावीसारखी परीक्षा) गणिताचे तीन पेपर होते, त्यातला पहिला कॅल्क्युलेटरशिवाय. ए-लेव्हलला (बारावीसारखी) मात्र २०१७ पासून जो अभ्यासक्रम आला त्यात सगळ्या पेपरांना कॅल्क्युलेटर चालतो, आणि तोही साधासुधा नाही, इंटिग्रलची किंमत थेट देणारा. पूर्वी ए-लेव्हलचा एक पेपर कॅल्क्युलेटरशिवाय असायचा, तो गेला.

पण गंमत बघा, आता प्रश्नांवरच सूचना छापलेली असते, की सगळ्या पायऱ्या दाखवा, फक्त कॅल्क्युलेटरवर विसंबून काढलेलं उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. म्हणजे यंत्र हातात देऊनही हाताने करून घेणं सुटलेलं नाही. ज्या मुलांनी आधी हाताने सर्ड्स (√२ सारखी मुळं) आणि अपूर्णांक घोटलेले असतात त्यांना हे जड जात नाही. बाकीच्यांची बारावीच्या वयात पंचाईत होते.

शार्दूल_न्यूजर्सी

इथे अमेरिकेत एपी कॅल्क्युलस या शाळकरी मुलांच्या परीक्षेत दोन्ही आहे. बहुपर्यायी ४५ प्रश्नांपैकी पहिले ३० कॅल्क्युलेटरशिवाय, ६० मिनिटांत. उरलेले १५ ग्राफिंग कॅल्क्युलेटर घेऊन, ४५ मिनिटांत. मला ही विभागणी पटते.

पण एक विरोधी मत नोंदवतो. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. कामात आकडे कधीच कटत नाहीत. उत्तर १ किंवा पाय/४ येईल अशी तुळई मी अजून पाहिलेली नाही. पेपर काढणाऱ्याने निवडलेल्या गोड आकड्यांची सवय लागलेली मुलं नोकरीत आली की ओबडधोबड आकडा बघून आपलंच चुकलं असं समजतात. 'आकडे अंगावर आले तर वाट चुकली' हा नियम परीक्षेपुरता ठीक आहे, पण तो गणिताचा नियम म्हणून शिकवू नये.

अपूर्णांक

शार्दूल, मान्य. परीक्षेपुरताच आहे, आणि मुलांना तसं सांगायलाही हवं. पण आकडेमोड शेवटाला न्यायची सवय तुमच्या कामातही लागत असेल ना? सूत्र अक्षरांत शेवटपर्यंत नेलं की तुळईची खोली दुप्पट केल्यावर वाक किती पटीने कमी होईल ते दिसतं. आकडे आधीच घातले तर फक्त एक संख्या हातात येते.

शार्दूल_न्यूजर्सी

हो, ते शंभर टक्के. आयताकृती छेदाची खोली दुप्पट, तर वाक आठपट कमी. हे सॉफ्टवेअर आपण होऊन सांगत नाही.

कोमल_सीईटी२

मी सीईटी रिपीट करतेय. सर, तुमचं पटतं, पण ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. समासात अंदाज, मग अक्षरांत सोडवा, एवढं करायला वेळ कुठे असतो?

अपूर्णांक

कोमल, वेळेचं गणित तू बरोबर मांडलंस. म्हणूनच सराव दोन तऱ्हेचा ठेव.

पहिली तऱ्हा घड्याळ बाजूला ठेवून. थोडीच गणितं, पण पूर्ण लिहून. उत्तर आल्यावर मागे जा आणि कुठली आकडेमोड टाळता आली असती तिच्याखाली रेघ मार. वहीत या रेघा कुठे पडतात ते पाहा. माझ्याकडच्या मुलांच्या बहुतेक रेघा तीन ठिकाणी असतात : डेफिनिट इंटिग्रलमध्ये मर्यादा घालताना, व्हेक्टरमध्ये लांबी काढताना, आणि प्रोबॅबिलिटीत फॅक्टोरियल फोडून गुणत बसल्यामुळे. १०सी४ (दहातून चार निवडायचे प्रकार) काढताना १० फॅक्टोरियल म्हणजे ३६२८८०० लिहिणारी मुलं आहेत. १०·९·८·७ वर ४·३·२·१ लिहून कापलं की २१० तोंडी येतं.

दुसरी तऱ्हा घड्याळ लावून, पूर्ण पेपर. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही आणि सुमारे ८० टक्के भर बारावीवर असतो, तेव्हा अकरावीच्या एखाद्या लांबलचक प्रश्नात रुतून बसू नकोस. पर्यायांकडे आधी बघ. इंटिग्रलची किंमत विचारली आहे, आत असलेलं फंक्शन पूर्ण पट्ट्यात धन आहे, तर ऋण पर्याय गळाले. ० ते पाय/२ या पट्ट्यात फंक्शन कधीच १ च्या वर जात नाही, तर १.५७ पेक्षा मोठे पर्यायही गळाले. त्याला दहा सेकंद लागतात.

पाठ काय करायचं असंही मुलं विचारतात. ३० पर्यंत वर्ग, १२ पर्यंत घन, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंची ३-४-५ सारखी त्रिकुटं २०-२१-२९ पर्यंत, √२, √३, √५, लॉग २ = ०.३०१०, लॉग ३ = ०.४७७१. टॅन १५ = २−√३ आणि टॅन २२.५ = √२−१. याहून जास्त पाठ करायची गरज मला तरी वाटत नाही. अबॅकस आणि वैदिक गणिताने लहान मुलांना आकड्यांची गोडी लागत असेल, पण बारावीच्या वर्षी त्यासाठी वेगळा क्लास लावू नका.

सांगलीकर_मास्तर

लॉगचा विषय निघालाच आहे, तर एक तळमळीने सांगतो. बोर्डाच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात लॉग टेबल चालतं. मुलं ते जानेवारीत पहिल्यांदा उघडतात आणि बार (आकड्यावरची आडवी रेघ, म्हणजे तेवढा पूर्णांक ऋण) आला की गडबडतात.

०.००२३४५ चं वर्गमूळ घ्या. लॉग येतो बार ३ पूर्णांक, पुढे ०.३७०१. याला दोनने भागायचं. बार ३ ला दोनने पूर्ण भाग जात नाही. इथे मुलं ३.३७०१ भागिले २ करून वर बार ठेवून देतात. ते चूक. बार फक्त पूर्णांकावर आहे, पुढचा भाग धनच आहे. म्हणून बार ३ ऐवजी बार ४ घ्यायचा आणि पुढे १ मिळवायचा : बार ४ आणि १.३७०१. आता भागा. बार २ आणि ०.६८५१. अँटिलॉग ४.८४, बार २ म्हणून ०.०४८४. पडताळा : ०.०५ चा वर्ग ०.००२५, आपली संख्या त्याहून जरा कमी. बरोबर बसतं.

दिवाळीच्या सुट्टीत हे हातात बसवलं, तर फेब्रुवारीत पेपराला न्यूमेरिकल सोडून द्यावं लागत नाही.

रेवती_नाशिक

मास्तर, हे चिरंजीवांना वाचून दाखवलं. बार ३ चं त्याला माहीत नव्हतं, आता पाच-सहा गणितं करून बसलाय. फोन माझ्याकडे आहे, त्यानेच आणून दिला.

निखिल_बारावी

सर, एखादं गणित द्या ना, ज्यात आकडे घातलेच तर अडकायला होईल.

अपूर्णांक

घे. कॉस २० × कॉस ४० × कॉस ८०. यातल्या एकाचीही किंमत तुला पाठ नाही आणि पाठ करायचीही नाही. समासात आधी अंदाज लिही.

निखिल_बारावी

अंदाज : तिन्ही धन, तिन्ही १ पेक्षा लहान. कॉस ८० खूप छोटा आहे, म्हणून उत्तर ०.२ च्या आत.

कोन दुप्पट होत जातायत, म्हणून साइन २० ने गुणलं आणि भागलं. साइन २० कॉस २० म्हणजे साइन ४० चा निम्मा. त्याला कॉस ४० ने गुणलं, तर साइन ८० चा पाव. मग कॉस ८०, साइन १६० चा अष्टमांश. साइन १६० म्हणजे साइन २०. वरखाली कटलं. उत्तर १/८, ०.१२५. अंदाजात बसतंय.

हीच युक्ती कॉस ३६ × कॉस ७२ ला चालेल का? तिथे साइन ३६ ने गुणायचं?

अपूर्णांक

हो, साइन ३६ नेच. दोन पायऱ्यांत साइन १४४ येईल, म्हणजे पुन्हा साइन ३६. उत्तर १/४. आता कॉस ६०/७, कॉस १२०/७, कॉस २४०/७ अंशांचा गुणाकार करून बघ आणि काय कटत नाही ते इथे लिही.